‘वाट बघतोय’ लिहिलेलं बटण

सुहैर रोज सकाळी सव्वासहाला जॉर्डनमधल्या मादबा गावाच्या बसथांब्यावर उभी असे. अम्मानला पोचायला तास लागे आणि तेवढ्यात ती झोप पुरी करून घेई. वय चौतीस, लग्न झालेलं नाही, कपडे नेहमी इस्त्रीचे. कामाला होती ती मोबाइलची अ‍ॅप बनवणाऱ्या एका कचेरीत आणि तिथे तिच्याकडे बटणं होती. त्यांचा रंग, आकार, फॉन्ट सगळं तिने बघायचं. “लोकांच्या मुली बटणं टाचतात, आमची नुसती रंगवते आणि वर पगार घेते,” असं तिची आई शेजारणींना सांगे. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे शेजारणींनाही कळत नसे.

आठ वर्षांतल्या बटणांपैकी एकच तिला मनापासून आवडायचं. डायलिसिसच्या रुग्णांना घरून नेणाऱ्या गाडीचं एक अ‍ॅप होतं. रुग्णाने सकाळी ‘वाट बघतोय’ हे बटण दाबलं की गाडी दारात येई. न दाबणाऱ्याच्या दारात ती थांबत नसे, कारण कोण लेकीकडे गेलंय, कोण इस्पितळातच दाखल आहे, हे चालकाला कसं कळणार?

मंगळवारी तिचा साहेब ऐहम तिच्या टेबलापाशी आला; कचेरीत सगळे त्याला ‘उस्ताद’ म्हणत. परदेशातल्या मुख्य कचेरीचा हुकूम होता की सगळ्या अ‍ॅपमध्ये एकच नवा फॉन्ट हवा, बारीक आणि मोकळा. अक्षराअक्षरात जागा सोडायची म्हणजे शब्द बटणभर पसरतो.

सुहैरने दहा मिनिटांत बदल केला. इंग्रजीत बटण देखणं दिसलं. अरबीत मात्र एकमेकांचा हात धरून चालणारी अक्षरं सुटी होऊन लांब लांब उभी राहिली.

“उस्ताद, अक्षरं तुटतायत,” ती हळूच म्हणाली.

“तुला वाचता येतंय?”

“येतंय.”

“मलाही येतंय. मग कुणासाठी रडतेस?”

तिला वाचता येत होतं, कारण काय लिहिलंय ते तिला आधीच ठाऊक होतं. हे तिला तेव्हाच उमगलं होतं. पण महिनाअखेरीस तिचा करार संपत होता आणि नव्या करारावर सही ऐहमचीच लागणार होती. तिने बटण तसंच पुढे धाडलं. संध्याकाळी नवं बटण सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं.

बुधवारी कामावरून परतून ती गल्लीत शिरली, तर उम्म अताल्लाह, म्हणजे अताल्लाहची आई, दाराबाहेरच्या दगडी ओट्यावर बसलेली. सत्तरी उलटलेली ही शेजारीण, सुहैरची ‘खाल्ती’ म्हणजे मावशीच, शनिवार, सोमवार, बुधवार डायलिसिसला जायची. मांडीवर कापडी पिशवी तशीच होती, तोंड सुजलेलं होतं.

“खाल्ती, अजून इथेच?”

“गाडी आली नाही.”

“बटण दाबलं नाही?”

“कुठलं बटण? ते पुसलं कुणीतरी. तिथे आता माळ तुटून मणी सांडावेत तसं काहीतरी पडलंय. जाहिरात असेल म्हणून मी हात नाही लावला. अताल्लाह म्हणतो, जाहिरातीला हात लावला की पैसे जातात.”

म्हातारी अडाणी नव्हती. नन्सच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, प्रार्थनेचं पुस्तक चष्म्याशिवाय वाचणारी. सुहैरने टॅक्सी केली. इस्पितळात परिचारिकेच्या हातापाया पडून शेवटची पाळी मिळवली. यंत्राची नळी लागल्यावर उम्म अताल्लाहच्या तोंडावर जरा रंग आला, तशी जीभही चालू झाली.

“ज्याने हे केलं ना, त्याला दिवसभर माझ्या ओट्यावर बसवायला हवं. चहासुद्धा द्यायचा नाही.”

“मी केलं, खाल्ती.”

म्हातारीने मान वळवली. “तू? आणि तुला दिसलं नाही?”

“दिसलं होतं.”

म्हातारीने मान परत यंत्राकडे फिरवली. मग ती म्हणाली, “आमच्या दुकानाची पाटी आठवते? तीन दारांची लांबी आणि ह्यांचं नाव एवढंसं. रंगाऱ्याने काय केलं? अक्षरं नाही तोडली. अक्षरांना जोडणारी मधली जोडरेघच लांब ओढली, या दारापासून त्या दारापर्यंत. ह्यांना लांबूनही आपलं नाव वाचता यायचं.” आणि डोळे मिटून, “तू तर कॉलेजात गेलीस.”

गुरुवारी ऐहम चीज लावलेली गरम मनाकीश रोटी खात होता. सुहैर बसलीच नाही.

“काल अकरा जणांनी बटण दाबलं नाही, उस्ताद. एरवी दोघं-तिघं असतात. मी जुना फॉन्ट परत घातलाय आणि अक्षरं न तोडता जोडरेघ लांबवलीय. मुख्य कचेरीला बटण भरलेलं हवंय, ते भरलंय. आज पाठवलं नाही तर शनिवारीही अकरा जण बसून राहतील.”

“विचारलंस कुणाला?”

“तुम्हाला सांगतेय.”

“करार माझ्याकडे आहे, लक्षात आहे ना?”

“आहे. तुमच्या आईंना कालच्या बटणाचा फोटो पाठवा आणि काय लिहिलंय ते विचारा. मग काय ते करा.”

ऐहमने चिडून फोटो पाठवला. त्याची आई आवाज रेकॉर्ड करूनच उत्तर द्यायची आणि तिचा आवाज सगळ्या खोलीने ऐकला: “बाळा, हे काय? मोबाइल पाण्यात पडला का तुझा? आणि जेवलास का?”

ऐहमने बोटं पुसली. “पाठव,” तो म्हणाला. “तिकडच्यांचा आरडाओरडा मी ऐकेन. तुझ्या कराराचं मात्र मी काही बोललो नाही.”

महिनाअखेरीस करार झाला, पण वर्षाऐवजी सहा महिन्यांचा. त्याला अजून अवकाश होता.

शनिवारी सुट्टी, तरी सुहैर सहालाच उठून खिडकीशी सेजच्या पानांचा चहा घेऊन बसली. चहा निवला. सातला दहा मिनिटं कमी असताना पांढरी गाडी गल्लीत वळली आणि उम्म अताल्लाहच्या ओट्यापाशी थांबली. म्हातारी पिशवी सावरत चढता चढता थांबली आणि खिडकीकडे बघून म्हणाली,

“रेघ जरा जास्तच ओढलीस. पण वाचता येतं.”