सात वाती, सहा आवाज

रतनसिंग राठोड इंझोरीकडच्या तांड्यातला. महायुद्धात तो फौजेच्या कामगार पलटणीत होता. बंदूक त्याने कधी हातात धरली नाही. ब्रह्मदेशात डोंगर फोडून रस्ते केले, एवढंच तो सांगे. सेहेचाळीस साली परत आला आणि विहिरी फोडू लागला. मी वाशिमजवळच्या मालेगावचा. त्याच्या हाताखाली सात वर्षं घण मारला.

अंगाने तो किरकोळ होता. आवाज मात्र विहिरीच्या तळापर्यंत पोचे. घण मारताना बोलणारा माणूस त्याला खपत नसे. दोघांच्या जोडीने दिवसाला तीन हात खोल सुरुंगाचं भोक पाडलंच पाहिजे, असा त्याचा हिशेब. संध्याकाळी तो खुणा केलेली काठी स्वतः भोकात घालून बघे. काठी चार बोटं कमी गेली तर रागावत नसे. "उद्या चार बोटं आधी," एवढं म्हणे आणि दुसऱ्या दिवशी आधी ती चार बोटं बघे.

त्याचे दोन नियम होते. सुरुंग उडताना आवाज तो स्वतः मोजणार. आणि धूर निघून गेल्यावर विहिरीत पहिला तो स्वतः उतरणार. जितक्या वाती पेटवल्या तितके आवाज ऐकू आले नाहीत तर त्या दिवशी कोणी खाली जायचं नाही. न उडालेला बार खडकात तसाच असतो आणि सब्बल लागली की उडतो.

बावन्नच्या दिवाळीनंतर त्याला केनवडजवळच्या नव्या वस्तीचं काम मिळालं. वाशिम-रिसोडचा हा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचं राज्य होतं, ते जाऊन चार वर्षं झाली होती. जाताना पलीकडच्या गावांत बरंच जळलं. एका गावात पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांनी हिंदूंची घरं जाळली. ते लोक नदी उतरून अलीकडे आले. ॲक्शननंतर त्याच गावात मुसलमानांची घरं जळली. मग तेही नदी उतरून अलीकडेच आले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे आजही लोक राहतात.

रिसोडच्या मदत समितीने दोघांनाही केनवडच्या गायरानात जागा दिली. वरच्या टोकाला बावीस घरं हिंदूंची, खालच्या टोकाला एकोणीस मुसलमानांची. मधे दोनशे पावलं मोकळी जमीन. आधी समितीने ज्वारी वाटली, घोंगड्या वाटल्या, टिनाचे पत्रे वाटले, मुलांना दुधाची भुकटी वाटली. पाणी मात्र दीड मैलावरच्या नाल्यातून आणावं लागे. फाल्गुनात नाला आटे. मग बायका अडीच मैल चालत.

समितीचे चिटणीस केशरीचंद. रिसोडला त्यांचं कापडाचं दुकान होतं. माणूस सरळ होता. त्यांनी रतनसिंगला मधल्या मोकळ्या जमिनीवर उभं केलं आणि सांगितलं, "मुकादम, विहीर इथंच पाहजे. दोन्हीकून सारखी. राबणारे वस्तीतलेच, अन् कामाच्या बदल्यात समिती ज्वारी देईन. पण चैत्र संपला का समितीबी संपली. पाणी लागलं त वस्ती राहीन. नाई लागलं त एकेक घर एकेका गावात पाठवा लागते."

"अन् विहीर कोन चालवीन?" रतनसिंगने विचारलं.

"पंच नेमलेत. वरचे दोन, खालचे दोन."

"बसले काय कधी एका जागी?"

"कागदावर बसलेत," केशरीचंद म्हणाले.

काम मार्गशीर्षात सुरू झालं. आम्ही रतनसिंगची चार माणसं, बाकी वस्तीतले. माती आणि मुरूम दीड पुरुष होता. विहीर आम्ही पुरुषात मोजत असू. हात वर केलेला माणूस म्हणजे एक पुरुष. मुरूम आहे तोवर काही अडलं नाही. वरच्या टोकाची माणसं सकाळी खणत, खालची दुपारनंतर. खडक लागला आणि अडलं. खडकात पाळ्या चालत नाहीत. भोकं पाडून झाली की एकदम बार उडवावे लागतात. म्हणजे दोन्ही टोकांची माणसं एका वेळी विहिरीत हवीत.

वरच्या टोकाचा पुढारी दौलतराव. वजनदार माणूस, तोंडाने फटकळ. पलीकडे त्याची सोळा एकर जमीन होती. त्याचा भाऊ तिकडे मेला होता. खालच्या टोकाचा शेख इमाम. पूर्वी तो बैलांना नाल मारायचा. त्याचा बाप तिकडे मेला होता.

"त्यायच्या हातच्या दोरानं मी खाली जाईन?" दौलतराव म्हणाला. "माह्या भावानं बी कोनाचा तरी भरोसा धरला व्हता."

शेख इमाम आपल्या माणसांकडे बघून म्हणाला, "आपल्याले कोनाचा दोर धरायचा शौक नाई बाप्पा. आपला दोर आपन आनू."

रतनसिंगला ते पटलं नाही. खडक चार पुरुष जाड आहे, असा त्याचा अंदाज होता आणि चैत्र साडेतीन महिन्यांवर होता. भांडणात आठ दिवस गेले. शेवटी त्याने विहीर मधून वाटून दिली. वरच्यांनी उत्तरेची अर्धी फोडायची, खालच्यांनी दक्षिणेची. दोन दोर, दोन कप्प्या, दोन पेटवणारे. त्याच्या सगळ्या कामांत ही एकच गोष्ट त्याने नाइलाजाने केली. बायको हिरीबाई दगडाच्या पाट्या वाहायला तिथेच असे. ती म्हणाली, "विहीर काय भाकर हाय, मधून मोडाले?"

"तोंड बंद ठेव अन् पाटी उचल," तो म्हणाला.

काम मात्र भराभर होऊ लागलं. एकमेकांच्या मागे राहायला कोणी तयार नव्हतं. माघ उजाडला तेव्हा आम्ही साडेतीन पुरुष खाली होतो. बार उडवायचे झाले की आधी उत्तरेच्या वाती पेटत, मग दक्षिणेच्या. दक्षिणेच्या वाती थोड्या लांब कापत, म्हणजे त्यांचे आवाज मागून येत. मोजायला कडेवर रतनसिंग उभा.

एक दिवस केशरीचंदांनी त्याला सुरुंगाच्या दारूच्या पोत्यांसाठी रिसोडला बोलावलं. भोकं तयार होती, उत्तरेला चार, दक्षिणेला तीन. उडवले नसते तर एक दिवस वाया गेला असता. रतनसिंग दौलतराव आणि इमामला म्हणाला, "उडवून ठेवा. आपले आपले मोजा. मी आल्यावर पाह्यतो."

वाती पेटल्या. पेटवणारे आपापल्या दोराने वर आले. आम्ही मागे सरलो. मी घण मारणारा माणूस. मोजायचं काम माझं नव्हतं आणि मी मोजलं नाही. तीन आवाज लागोपाठ आले. मग थोडं थांबून एक. मग दोन.

तिसऱ्या प्रहरी रतनसिंग आला. विहिरीच्या कडेवर आला आणि आधी तेच विचारलं, "किती?"

"आमचे चार झाले," दौलतराव म्हणाला.

"आमचे तीन झाले," इमाम म्हणाला.

चार आणि तीन सात. रतनसिंगने पागोटं काढून ठेवलं आणि नेमाप्रमाणे पहिला खाली उतरला. दोर माझ्या हातात होता. त्याने सब्बलीने एक सुटा दगड हलवला, दुसरा हलवला. तिसऱ्याला सब्बल घातली आणि बार उडाला.

आम्ही त्याला वर ओढला तेव्हा तो शुद्धीवर होता. डाव्या हाताची तीन बोटं गेली होती आणि डावा डोळा. वर येताच तो म्हणाला, "सहा व्हते." बैलगाडीने त्याला रिसोडला नेलं, तिथून मोटारीने वाशिमच्या दवाखान्यात. मी बरोबर गेलो. वाटेत आवाज कसे आले ते त्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. तीन, एक, दोन. मग म्हणाला, "मधला एक दोघायनंबी मोजला."

तसंच झालं होतं. थांबून आलेला चौथा आवाज दौलतरावाने आपला उशिरा आलेला धरला. इमामने तोच आपला पहिला धरला. सगळे सात मोजायला माणूसच नव्हता.

वस्तीवर काम बंद पडलं. वरचे म्हणत, बार खालच्यांचा राहिला आणि त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. खालचे तेच वरच्यांबद्दल म्हणत. केशरीचंद आले, दोघांना समजावून गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांची माणसं विहिरीवर जमली आणि हमरीतुमरीवर आली. हिरीबाई वाशिमला गेली नव्हती. ती पाटी पालथी घालून कडेवर बसली होती.

"तुमचे चार," ती म्हणाली, "यायचे तीन. माह्या मानसाची तीन बोटं कोनात धरू? सांगा. हाय काय कोनी मोजनारा?"

थोड्या वेळाने दोन्हीकडचे लोक आपापल्या टोकाला गेले.

सतरा दिवसांनी रतनसिंग परत आला. डॉक्टरांनी महिना सांगितला होता. डोक्याला आणि हाताला पट्ट्या होत्या. फाल्गुन लागला होता, बायका पुन्हा अडीच मैल चालू लागल्या होत्या. केशरीचंदांनी एक्केचाळीस गावांची यादी तयार केली होती, कोणतं घर कुठे पाठवायचं त्याची. रतनसिंग मला धरून विहिरीत उतरला. बार उडाला ती जागा नेमकी दोन अर्ध्यांच्या मधे होती, मला त्यावरून काही कळलं नाही; त्याने ती उजव्या हाताने चाचपली, भोकाची उरलेली खाच कोणत्या बाजूने कलली होती ते पाहिलं आणि वर आला. सगळे जमले होते.

"कोनाचा व्हता?" दौलतरावाने विचारलं.

"समजलं मले."

"मंग सांग."

"नाई सांगत."

"काहून? जीव तुहा गेला असता."

"म्हनूनच नाई सांगत," रतनसिंग म्हणाला. "सांगतलं त एक टोक आज गाडी जोतीन. दुसरं उद्या. मले विहीर पुरी करा लागते."

इमाम म्हणाला, "मुकादम, आमचा असन त सांगून टाक. रोजच्या संशयापक्षा बरं."

"तुह्याजवळ कोनी इचारलं? दोर आन."

त्याने एक दोर सोडून ठेवायला लावला. आता दोरही एक, कप्पीही एक. जोडीत घण मारणारा वरच्या टोकाचा, सब्बल धरणारा खालच्या टोकाचा, दुसऱ्या दिवशी उलट. पेटवायला एका टोकाचा उतरेल त्याचा दोर दुसऱ्या टोकाने धरायचा. आवाज होताच एकाने मोठ्याने आकडा म्हणायचा आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाने तोच आकडा पुन्हा म्हणायचा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही.

"हे ज्याले जमत नाई," तो म्हणाला, "त्यानं केशरीचंदशेठच्या यादीत गाव पाहून घ्यावं."

दौलतराव पुढे आला. मग पायातल्या वहाणा काढल्या. दोर इमामकडे होता. दोर कमरेला बांधून दौलतराव कडेवर बसला. इमामने दोर हाताला दोनदा गुंडाळला, टाच दगडाला लावली.

"दौलतराव," तो म्हणाला, "चार वर्सं समितीच्या ज्वारीवर काढले, अन् वजन पाहा. आमाले कमी देत व्हते का काय?"

"नीट धर रे," दौलतराव म्हणाला. "पडलो त भूत होऊन तुह्याच दारात बसन. नमाज बी धड होऊ देनार नाई."

"बस. पानी तुलेच भरा लागन मंग."

दोघांपैकी कोणी हसलं नाही. दौलतराव खाली गेला, पाच वाती पेटवल्या, वर आला. पाच आवाज आले. इमाम प्रत्येक आकडा म्हणाला आणि दौलतराव धापा टाकत तोच आकडा म्हणाला.

चैत्र वद्य नवमीला पाच पुरुषांवर पाणी लागलं. उत्तरेकडच्या भेगेतून आलं, पण तोवर उत्तर-दक्षिण कोणी म्हणत नव्हतं. महिनाअखेर समितीने काम बंद केलं. केशरीचंदांनी यादी परत नेली. चार पंच पहिल्यांदा एकत्र बसले ते विहिरीवरच, कठड्याला दगड कोणी आणायचे ते ठरवायला.

रतनसिंगने त्यानंतर सुरुंगाचं काम सोडलं. एका डोळ्याच्या माणसाने दुसऱ्याच्या जिवाचं काम घेऊ नये, असं तो म्हणे. तो तांड्यावर ज्वारी करी. बार कोणाचा होता ते मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने विषय बदलला. हिरीबाईलाही त्याने सांगितलं नाही. तिने मला तसं शपथेवर सांगितलं आणि वर म्हणाली, "सांगतलं असतं त म्या जाऊन एखादं टोक पेटवलं असतं. माहा मानूस मले ओळखते."

एकोणसाठच्या वैशाखात मी मालेगावहून रिसोडला चाललो होतो. रतनसिंग बरोबर होता, बैल बघायला निघालेला. केनवडला आम्ही मोटारीतून उतरलो. वस्तीत आता पासष्ट घरं होती. मधली दोनशे पावलं उरली नव्हती, तिथे दोन दुकानं आणि एक शाळेची खोली होती. विहिरीचा गाळ काढणं चाललं होतं. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी ओळखलंही नाही. राबणारे बहुतेक नवे होते.

एक जण खाली होता, चौघे दोर ओढत होते. पाटी वर आली की कडेवरचा एक जण आकडा म्हणे आणि दोरावरचा एक जण तोच आकडा पुन्हा म्हणे. गाळाच्या पाट्या मोजायची काही गरज नसते.

रतनसिंग बाभळीखाली उभा राहून ऐकत होता. "एकतीस," कडेवरचा म्हणाला. "एकतीस," दोरावरचा म्हणाला. पुढची पाटी आली. "तेहतीस," कडेवरचा म्हणाला.

"बत्तीस," दोरावरचा म्हणाला.

दोर थांबला. चौघांनी खालच्या माणसाला वर घेतलं आणि दोर खुंटाला बांधला. मग आकडा कोणाचा खरा यावर जोरात वाद सुरू झाला.

रतनसिंगने दोन बोटांच्या हाताने पागोटं सारखं केलं.

"बत्तीस," तो मला म्हणाला. "चाल. बैल दुसराच कोनी इकत घेईन."