घर बघायला आलेल्यांचं जेवण

आमचं घर विकायला काढलं ते सासूबाईंच्या हट्टापायी, आणि विकलं गेलं नाही तेही त्यांच्याचपायी. मधल्या काळात नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यावरचं हे पेंटहाउस बघायला इतकी माणसं आली आणि इतकी जेवून गेली, की खानावळ काढली असती तर एव्हाना दुसरी शाखा उघडली असती.

हे घर आम्ही विकत घेतलेलं नाही. आमच्यासारख्यांनी पेंटहाउस विकत घ्यायचं नसतं, ते अंगावर येतं. सासरे मूळचे इथल्याच बोनकोडे गावचे. भातशेती गेली, बदल्यात सरकारकडून प्लॉट मिळाला, तो त्यांनी बिल्डरच्या हवाली केला, आणि बिल्डरने काही रक्कम आणि इमारतीचा माथा त्यांच्या पदरात टाकला. आतून जिना असलेलं दोन मजली घर, वर गच्ची, गच्चीत पोहण्याचा छोटा तलाव. त्यात अजून कोणी पोहलेलं नाही. एकदा सासऱ्यांनी तिथे जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, सोडल्या होत्या. औषध मारलेल्या पाण्याने त्या मेल्या, तर त्यांनी सोसायटीकडे रीतसर तक्रार केली की तुमच्या पाण्यात खोट आहे.

सासूबाईंचं दुःख मात्र खरं होतं. वर कोणी येत नाही, हे ते दुःख. गावात त्यांचं आयुष्य ओट्यावर गेलं. जाणारा-येणारा थांबायचा, बसायचा, काहीतरी खाऊन उठायचा. इथे खालच्या गेटवर पाहुण्याचा फोटो काढतात, तो आमच्या मोबाइलवर येतो, आम्ही हो म्हटलं तर पाहुणा पुढे. सुरुवातीला गावातल्या दोन मैत्रिणी टोपलीत मासळी घेऊन आल्या, तर वॉचमनने फोटो काढून त्यांना सामानाच्या लिफ्टने वर पाठवलं. त्यातली एक म्हणाली, आमी काय चोर हाव? त्यानंतर त्या फिरकल्या नाहीत. सासूबाई बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून खाडीकडे बघत राहायच्या आणि म्हणायच्या, इथं कावला पन येत नाय.

शेवटी त्यांनी जाहीर केलं, हे विका आणि गावात रस्त्याला लागून ओटा असलेलं घर घ्या. सासऱ्यांना विकायचं नव्हतं. ज्या गड्याने उभा जन्म चिखलात काढला तो आता ढगात बसून चहा पितो, हे सुख त्यांना सोडवत नव्हतं. पण बायकोला नाही म्हणायची त्यांची छाती नाही. म्हणून ते हो म्हणाले आणि भाव असा सांगितला, की घर विकायला नेमलेल्या एजंटने कानातला इअरफोन काढून पुन्हा विचारलं. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते, त्यामुळे विक्रीची जबाबदारी आपसूक माझ्या गळ्यात पडली. नवऱ्याने अंग काढून घेतलं. आईबापांच्या मध्ये पडायचं नाही, हे तो लहानपणीच शिकलाय.

एजंट हुशार होता. लोक घर नाकाने बघतात, असं त्याचं मत. रविवारी मासळी तळायची नाही, पडदे उघडे, दिवे चालू, कोपऱ्यात सुगंधी मेणबत्ती, असं सगळं त्याने बजावलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि पहाटेच बाजारातून कोळंबी मागवली. घरी माणसं येणार आणि शेगडी थंड, असा अपशकुन त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक खारघरचं, नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. घर बघून होईपर्यंत जेवायची वेळ झाली. नको नको म्हणत ते बसले. तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण, सुकटीची चटणी. नवऱ्याने तिसरी भाकरी घेतली तेव्हा एजंटच्या चेहऱ्यावर आशा दिसली. हात धुऊन आल्यावर त्या माणसाने विचारलं, काका, फायनल किती?

सासऱ्यांनी बडीशेप तोंडात टाकली. म्हणाले, "आमच्या घरात जेवलेल्या मानसाशी भाव करत नाय. पाहुना झाला तो. पुन्ना या."

मला वाटलं थट्टा करतायत. पण हा त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला नियम निघाला. पुढच्या रविवारी ते दोघं पुन्हा आले, पुन्हा जेवले, पुन्हा पाहुणे झाले. मी सुचवलं, आधी व्यवहार बोलू, मग जेवू. सासऱ्यांना धक्काच बसला. उपाशी माणसाला भाव सांगायचा म्हणजे त्याच्या पोटावर पाय देण्यासारखं आहे म्हणे. म्हणजे जेवण्याआधी बोलायचं नाही आणि जेवल्यावर बोलायचं नाही. बँकेत मी भल्याभल्यांची कर्जं अडवलेली आहेत, पण अशी बिनतोड अडवणूक मला कधी जमली नाही.

मग मी वेळा बदलून पाहिल्या. सकाळी बोलावलं तर घावने निघाले. चारला बोलावलं तर चहाबरोबर भजी, आणि भज्यांबरोबर, घरात आहे म्हणून, तळलेले बोंबील. एकदा मी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, आई, तुम्हाला खाली जायचंय ना, मग या रविवारी काही म्हणजे काही करू नका. त्यांना पटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रविवारी त्यांनी खरंच काही केलं नाही. फक्त वालाचं बिरडं, भात, आणि कोणी शाकाहारी नसलं तर असावं म्हणून थोडं मटण. सासरे ताटावर बसून माझ्याकडे बघून मिश्या पिळत होते. हा माणूस नियम पाळत नव्हता, मजा मारत होता, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरली नव्हती.

खारघरच्या जोडप्याने तिसऱ्या खेपेला आपल्या आईलाही आणलं. चौथ्या खेपेला त्यांनी खोल्या बघितल्यासुद्धा नाहीत. पुढे त्यांनी दुसरीकडे फ्लॅट घेतला आणि आम्हाला वास्तुशांतीला बोलावलं. सासूबाईंनी बरणी भरून मसाला नेला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसची जागा चुकीची आहे असं सांगून तो दुसरीकडे हलवायला लावला.

असं कितीतरी जण येऊन गेले. मग एक दिवस तो आला.

पांढरा शर्ट, दोन मोबाइल, हातात स्वतःची पाण्याची बाटली. बसा म्हटलं तर बसला नाही. जेवायला चला म्हटलं तर म्हणाला, उपास आहे. सासूबाई लगेच साबुदाणा भिजवायला निघाल्या, तेव्हा कळलं की उपास देवाचा नाही, आहारतज्ज्ञाचा आहे, आणि त्यात साबुदाणाही चालत नाही. चहा नको. सरबत नको. सासूबाई तांब्या-भांडं घेऊन उभ्या राहिल्या, तर त्याने बाटली उंचावून दाखवली आणि हसला. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोट टेकवून एजंटला म्हणाला, ही पाडू, इथे बार येईल. आणि सासऱ्यांनी सांगितलेला तो अचाट भाव त्याने एका शब्दानेही कमी करायला लावला नाही. टोकन आजच देतो म्हणाला.

सासरे पुरते अडकले. माणूस जेवलेला नव्हता, भूक नाही असं स्वतःच सांगत होता, आणि घासाघीसही करत नव्हता. नियमात बसेल असं एकही कारण शिल्लक नव्हतं. त्यांनी गच्चीच्या दाराकडे बघितलं, तलावाकडे बघितलं, आणि सासूबाईंकडे हात करून पडेल आवाजात म्हणाले, हिला विचारा, घर हिच्या नावावर हाय. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्क थोडं वाचतं, म्हणून तेव्हा त्यांनी ते तसं केलं होतं.

मी मनात पेढे वाटले. हेच तर सासूबाईंना हवं होतं. खाली जायला मिळणार होतं, आणि तेही मागितलेल्या भावात.

सासूबाईंच्या हातात अजून ते भरलेलं भांडं होतं. त्या म्हणाल्या, "ज्याला आमचं पानी चालत नाय, त्याला आमचं घर कसं चालंल?"

तो माणूस गेला. एजंट त्याच्यामागे लिफ्टपर्यंत धावला आणि परत आला तेव्हा रडकुंडीला आला होता. त्याने कोणाकडे न बघता मोबाइलवरून जाहिरात काढून टाकली, आणि तोही गेला.

माझं डोकं फिरलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन मी विचारलं, की आई, इतके महिने हा तमाशा कशासाठी केला? तुम्हालाच गावात जायचं होतं ना?

त्यांनी भांड्यातलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. मग सांगायला लागल्या. मागच्या महिन्यात त्या गावात जाऊन आल्या होत्या, एकट्याच, रिक्षाने. मासळी आणणाऱ्या दोघींपैकी एक लेकीकडे राहायला गेली. दुसरी वारली, ते यांना कोणी कळवलंही नाही. शेजारच्या घरांवर मजले चढलेत आणि खोल्या भाड्याने दिल्यात. ओटे तोडून तिथे मोटरसायकली लावतात.

"खाली तरी कोन राहिलंय माजं?" त्या म्हणाल्या. "इथं निदान रविवारी मानसं येतात."

मी भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं, ते पातळ झालं, आणि त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं.

पुढच्या रविवारी जाहिरात नव्हती, एजंट नव्हता, कोणी येणार नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं. तरी सकाळपासून शेगडी पेटलेली. पापलेटं आली, नारळ खवला गेला. जेवायची वेळ झाली तेव्हा त्यांनी आमच्या ताटांपलीकडे आणखी तीन ताटं मांडली. वाढली नाहीत, नुसती मांडली. नवरा ताटात बघून जेवला. बेल एकदा वाजली, त्या उठल्या, तर इस्त्रीचे कपडे आले होते. त्यांनी इस्त्रीवाल्याला आत बोलावलं. त्याला घाई होती.

जेवण झाल्यावर सासरे गच्चीत गेले आणि मला हाक मारली. ते तलावाच्या काठावर बसले होते. ज्या माणसाने हे घर जाऊ नये म्हणून आभाळाला टेकेल असा भाव लावला होता, तो नुसता पाण्यात पाय हलवत होता.

मग आतल्या दाराकडे बघत हळूच म्हणाले, "पोरी, ती जाहिरात परत टाक. आनि भाव जरा कमी लिव. मानसं आली पायजेत."

मी म्हटलं, बाबा, आणि एखाद्याने खरंच घेतलं तर?

मी तिथेच उभी राहून मोबाइल काढला, जाहिरात पुन्हा टाकली आणि भाव कमी केला.