थंडाबाईचं माहेर

आमच्या लॅबमधल्या जुन्या डीप फ्रीजरला एक खोड होती. आतून बर्फ साचत जायचा आणि वेळच्या वेळी खरवडला नाही तर दारच लागायचं नाही. किश्श्यांचंही तसंच असतं बघा. आम्ही जुने पीएच.डी.वाले कुणाच्या लग्नात भेटलो की पंगतीतच खरवडायला सुरुवात करतो. वाढपी भात घेऊन उभा राहतो आणि आम्ही अजून बिराजदार सरांच्या अंटार्क्टिकातच असतो!

बिराजदार सर म्हणजे आमचे गाईड. गाव रेणापूर तालुक्यातलं, नोकरी नांदेडची, आणि अभ्यास कशाचा? तर ध्रुवावरच्या बर्फात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. मे महिन्यात आमच्याकडं नळाला सकाळी सकाळी चहाचं आधण येतं, आणि तिथं बसून हा माणूस बर्फातले जंतू पाळणार. मी मूळची उदगीरची. सरांकडं ॲडमिशन घेतली तेव्हा माझे मामा म्हणाले होते, "बर्फाचंच शिकायचं तर नांदेडला कशाला जातीस? कुल्फीवाल्याकडं ऱ्हा की!"

*

सरांचं अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी सिलेक्शन झालं तेव्हा ते पहिल्यांदा वडलांना सांगायला गावाकडं गेले. अण्णा ओसरीवर बसलेले होते.

"तिथं पिकतं काय?" अण्णांचा पहिला प्रश्न.

"काहीच न्हाई अण्णा. सगळा बर्फ."

"खारं पाणी असंल मग."

"न्हाई, गोडं. जगातलं बहुतेक गोडं पाणी तिथंच गोठून बसलंय."

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याला फार दिवस झालेले नव्हते. अण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "जा तू. जंतूचं काय असंल ते बघ. अन् येताना तिथलं स्टेशन कुठं हाय तेवढं इचारून ये!"

*

जायच्या आधी गावात सत्कार झाला. आपल्याकडं सत्कार म्हणजे शाल आणि नारळ. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा पारावरून हलेना, आणि सरांच्या अंगावर सरपंचाची शाल, सोसायटीची शाल, शाळेची शाल, शिवाय एका उत्साही पाहुण्याची घोंगडी. सर घामानं भिजून चिंब. कुणीतरी माईकवरून सांगितलं, "मराठवाड्याच्या इतिहासात शाल कामाला येणारा हा पहिलाच सत्कार हाय!"

आणि खरंच आली. पुढं तिकडून एक फोटो आला. मागं पांढरंशुभ्र, सगळे जण लाल जाकिटात, आणि मधोमध सर जाकिटावरून जरीकाठी शाल पांघरून उभे. फोटो गावाच्या ग्रुपवर पडला. जगाच्या टोकावर उभ्या असलेल्या गाववाल्याला सरपंचांनी एकच प्रश्न विचारला, "आमचीच हाय का ती?"

खालोखाल सोसायटीच्या चेअरमनचा मेसेज, "न्हाई, काठ आमचा हाय." यावर गावात जे पेटलं, ते सर परत येऊन स्वतः खुलासा करेपर्यंत विझलं नाही.

*

तिकडून कधीमधी फोन लागायचा. आईंचा सवाल ठरलेला, "जेवलास का?" सर सांगायचे, आई, इथं उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही.

"मावळत न्हाई म्हंजे? मग चतुर्थी कशी सोडतोस?"

सर नास्तिक वगैरे नाहीत, पण उपास कधी करत नाहीत. आता आईला तेही सांगता येईना. ते म्हणाले, "आई, चंद्र नीट दिसत न्हाई ना, म्हणून उपासच धरत न्हाई."

"मग मी हितं दोन्हीकडचा धरते," आई म्हणाल्या. "तू जेव."

हा किस्सा सरांनी परतल्यावर लॅबमध्ये सांगितला. आमचे लॅब अटेंडंट गफारभाई जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटा धूत होते. हातातली प्लेट खाली ठेवून म्हणाले, "मेरेकु नक्को नेऊ बाबा सर तिथं. रमजानला धरलेला रोजा डायरेक्ट पुढच्या थंडीत सुटंल!"

*

सरांनी बर्फ आणला, तो वितळवून त्यातले जंतू वाढवले, आणि त्यात एक निघाली आमची थंडाबाई. खरं नाव एन-सतरा. थंडाबाई हे गफारभाईंनी ठेवलेलं. काचेच्या नळीत, तिरप्या जेलीवर, दुधावर साय धरावी तशी फिकट नारिंगी साय धरायची. घरच्या फ्रिजात असते तेवढी थंडी मिळाली की बाई मजेत. ऊन लागलं की गेली! आपल्या अंगाची ऊबसुद्धा तिला सोसत नाही. त्यामुळं माणसाला तिच्यापासून कसलाच धोका नाही, धोका सगळा तिला आपल्यापासून.

तिच्यासाठी आम्हाला कोल्ड रूम मिळाली, आणि एप्रिल उजाडला की सगळ्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची गोडी पसरायची. इतिहासाचे सर यायचे, ऑफिसातले क्लार्क यायचे, "चाललंय काय संशोधन?" म्हणत स्टूल ओढून बसायचे. वैतागून सरांनी दारावर पाटी लावली, "सावधान! आत जिवंत जंतू आहेत."

दुसऱ्या दिवशी सगळे मास्क लावून आले! प्रिन्सिपॉल तर फाइली घेऊनच आले. म्हणाले, "बिराजदार, तुमचे जंतू काही बोलत नाहीत. माझ्या केबिनपेक्षा बरं आहे इथं."

*

आता आमच्या लॅबची एक पद्धत सांगते, पण ती नियमात बसते का, हे मात्र विचारू नका.

मे महिन्यात लाइटचा भरवसा नसतो. जनरेटर आपल्या मर्जीचा मालक. म्हणून सुट्ट्या लागल्या की सर थंडाबाईच्या नळ्या कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यांत घालायचे आणि एकेकाच्या घरी, एकेकाच्या फ्रिजात पाठवायचे. एक माझ्यासोबत उदगीरला, एक गफारभाईंच्या घरी, एक लॅबमधल्या आमच्या संतोष कदमच्या घरी अर्धापूरला. सगळ्या गावांची लाइट काही एकदम जात नाही! सर याला म्हणायचे, "लेकरं मामाच्या गावाला चालली." आणि घरच्या बाईला स्वतः फोन करून सांगायचे, "आमचं लेकरू आहे, सांभाळा."

जूनमध्ये डबे परत यायचे. पण आपल्याकडं शेजारचं भांडं कुणी रिकामं परत करतं का? माझ्या आईनं नळीसोबत शेंगाची चटणी भरली. गफारभाईंच्या घरून शेवया आल्या. सर डोक्याला हात लावून बसले. "अहो, निर्जंतुक केलेला डबा होता तो!"

गफारभाई म्हणाले, "हौ सर, आता पुन्हा करू. पण शेवया खाऊन मग."

अर्धापूरचा डबा मात्र एका वर्षी आलाच नाही. संतोषला पुण्यात नोकरी लागली, तो तिकडं गेला. त्याच्या आईला, कदमकाकूंना, मी फोन केला की एकच उत्तर, "धाडते की बाई. पण रिकामा कसा धाडू? यंदा केळी वाऱ्यानं आडवी झाली, घरात कुणाचं मन न्हाई गोडधोड करायला. जरा दम धर." मी दोनदा दम धरला, तिसऱ्यांदा फोन करायचंच विसरले. सर म्हणाले, "जाऊ द्या, आपल्याकडं आहेत की बाकीच्या."

*

थंडाबाई जगात कुणालाच माहीत नसलेली जात निघाली होती. सगळ्या टेस्ट झाल्या, पेपर लिहून झाला. आता नवीन जातीला नाव लावायचं तर एक अट असते. जंतूंच्याही बँका असतात, त्यांतल्या दोन बँकांत, दोन वेगळ्या देशांत, तिची जिवंत नळी जमा करावी लागते. मगच जग मानतं.

आणि सर काही पाठवेनात! आज काय तर एक टेस्ट राहिली, उद्या काय तर फोटो नीट आला नाही. "पार्सलवाले नीट नेतील का? उन्हात ठेवलं तर?" मी चिडवायचे, "सर, स्थळं दोन्ही चांगली आहेत. सासरी थंडी भरपूर आहे. कशाला अडवता?" सर हसायचे आणि नळी पुन्हा आत ठेवायचे. "बघू, पावसाळा झाला की."

असे किती पावसाळे झाले! सरांची रिटायरमेंट तोंडावर आली. सगळ्या नोकरीची कमाई म्हणजे ही बोटाएवढी नळी, आणि ती त्यांच्याच्यानं हातावेगळी होईना.

*

शेवटच्या वर्षी नवीन डीप फ्रीजर आला. अलार्म असलेला, काही बिघडलं की थेट सरांच्या फोनवर मेसेज टाकणारा. सर खुश. म्हणाले, "यंदा लेकरं कुठं जाणार नाहीत." सगळ्या नळ्या एकाच फ्रीजरमध्ये, कुलूपबंद.

सुट्टीत सर पुतणीच्या लग्नाला गावाकडं गेले आणि इकडं फ्रीजरचा कॉम्प्रेसर गेला. फ्रीजरनं आपलं काम चोख केलं, मेसेजवर मेसेज पाठवले. पण सरांचा फोन अण्णांच्या हातात होता. अण्णा पुण्याच्या पाहुण्यांना लग्न लाइव्ह दाखवत होते, आणि वरून टपकणारा एकेक मेसेज "कंपनीवाल्यांचं काय तरी असतंय" म्हणून बोटानं बाजूला सारत होते. आजतागायत अण्णांना हे कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

सर आले, फ्रीजर उघडला, तर आत घरच्या कपाटाइतकी ऊब. एखादा तरी जंतू जिवंत असेल तर वाढावा म्हणून एकूण एक नळीतून त्यांनी नव्या प्लेटांतल्या जेलीवर रेघा ओढल्या, प्लेटा थंडीत ठेवल्या, रोज उघडून बघितल्या. प्लेटा कोऱ्याच्या कोऱ्या. मी एव्हाना लातूरला नोकरीला होते, तिथून भेटायला गेले तेव्हा सर नुसते स्टुलावर बसून होते. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. गफारभाईंनी चहा आणला तो कुणी प्यायला नाही.

*

आणि दारात कदमकाकू. हातात आमचाच स्टीलचा डबा!

"नात झाली," काकू म्हणाल्या. "संतोषला पोरगी झाली. म्हणलं, आता डबा रिकामा जायचा न्हाई." झाकण काढलं तर आत काठोकाठ पेढे. "लई दिवस ठिवून घेतला, राग मानू नका सर. रविवारी बारसं हाय, यायचंच."

सर उभे राहिले. मीच विचारलं, "काकू, त्यात एक काचेची नळी होती..."

"हाय की."

"कुठंय?"

"फ्रिजात. अंड्याच्या कप्प्यात. डब्यात ठिवली तर पेढे मावंनात, म्हणून काढली. धाडते की मागनं." मग आमच्या तोंडाकडं बघून त्या जरा घाबरल्याच. "असं का बघायलात? फेकली न्हाई बाई मी. सरांनी लेकरू म्हणून दिलं हुतं, फेकीन कशी? लाइट गेली की वल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठिवीत हुते."

बिराजदार सर साठीला टेकलेले. स्कूटरवर मागं बसतानासुद्धा "हळू" म्हणणारा माणूस. ते गफारभाईंच्या मागं बसून अर्धापूरला गेले, आणि गफारभाई अजून सांगतात, "सर पूरे रस्ते पाठीत गुद्दे मारत होते. जोरात हाण, जोरात हाण!"

पेढ्याचा डबा उघडाच राहिला होता. काकू मला म्हणाल्या, "खा की. एवढं झालंय तरी काय?"

*

आठवडाभरानं प्लेटवर रेघेच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका दिसला. यावेळी सरांनी पावसाळ्याची वाट बघितली नाही. दोन नळ्या, दोन बर्फाचे खोके, दोन देशांचे पत्ते. पार्सलवाला खोकी उचलून निघाला तेव्हा सरांचे डोळे भरले होते. गफारभाईंनी हळूच रुमाल पुढं केला. सर म्हणाले, "ड्राय आइसचा धूर आहे." आम्ही म्हणालो, हो सर.

बारसं सरांसाठी एक रविवार पुढं ढकललं होतं. आम्ही सगळे अर्धापूरला गेलो. अंगणात बायका पाळणा म्हणत होत्या, नात काकूंच्या कुशीत. सरांच्या हातात तोच डबा, घासून लख्ख केलेला. त्यांनी तो काकूंपुढं धरला.

"हे काय सर? आता भांड्याची काय घाई हुती?"

"रिकामा नाही आणला," सर म्हणाले.

काकूंनी झाकण जरासं उचललं, आत बघितलं आणि चटकन बंद केलं. मग नातीला गफारभाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "धरा हिला जरा. ऊन लई हाय, आधी तिला फ्रिजात ठिवून येते."