पायाला कळणारी फरशी

दिवाणजी कुणाच्याही घरी गेले की दारात वहाणा काढत आणि आत शिरण्याआधी उजवं पाऊल फरशीवरून हळूच फिरवत. मग म्हणत, "गवंड्यानं हितं घाई केलीय की." यजमान वाकून बघे, तर खरंच दोन फरश्यांमध्ये बोटभर फट असायची. काचबिंदूने त्यांची नजर पार गेलेली आहे, हे नवख्या माणसाला त्यानंतर कळायचं.

सोलापुरात स्टेशनजवळच्या एका धर्मशाळेचा कारभार ते बघत. माणूस वळसंगचा. बायको लवकर गेलेली, एकुलती मुलगी गावातच दिलेली. धर्मशाळेत त्यांची उभी हयात गेली होती, त्यामुळे नजर गेल्याचा धर्मशाळा चालवणाऱ्या पंचांना बरेच दिवस पत्ताच लागला नाही. पुढे इमारत मोडकळीला आली आणि शेजारच्या मोकळ्या जागेत नवी दुमजली बांधायचं ठरलं. नव्या जागेत यांचं कसं व्हायचं, हा प्रश्न निघाला. अखेर पंचांनी सांगितलं की उद्घाटनाच्या दिवशी दिवाणजींनी कुणाचा हात न धरता पाहुण्यांना सगळी इमारत दाखवावी. जमलं तर काम राहील, नाहीतर मुलीकडे जाऊन आराम करावा. 'आराम' या शब्दाचा इतका तिटकारा मी दुसऱ्या कुणाला आलेला पाहिला नाही.

मी त्या बांधकामावर ओव्हरसियर होतो. वय पंचविशीचं आणि नकाशा वाचता येतो याची घमेंड. पहिल्याच दिवशी ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "ओव्हरशेर, खोल्यांची दारं कुटं उघडणार?"

"बाहेर. आत उघडली तर जागा अडते."

"मग आमचं कपाळ फुटलंच म्हणा. भिंतीचं भ्या न्हाय, ती जागा सोडत न्हाय. अर्धं उघडं दार लई वाईट."

मी हसण्यावारी नेलं. पण मनात किडा वळवळत राहिला. दुसऱ्या दिवशी कामगार जेवायला बसल्यावर मी डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि जुन्या धर्मशाळेच्या ओसरीवर चालून पाहिलं. सहाव्या पावलाला एका अर्धवट उघड्या दाराने माझं नाक ठेचलं. त्या संध्याकाळी नकाशातली सगळी दारं आत वळली.

तेव्हापासून मी त्यांना सारखे प्रश्न विचारू लागलो. खोली रिकामी आहे हे कसं कळतं, म्हटलं, तर म्हणाले, "रिकामी खोली उलट बोलते. माणसं असली की गप ऐकून घेती." कठड्याच्या शेवटी एक खाच, प्रत्येक खोलीच्या चौकटीवर हाताच्या उंचीला नंबराइतक्या चिरा, असं एकेक ते सुचवत गेले. सगळ्यात मोठी मागणी मात्र फरशीची होती. जिन्याच्या वर आणि खाली शहाबादीचा एक पट्टा टाकी मारून खरबरीत ठेवायचा, बाकी सगळं गुळगुळीत. "गुळगुळीत हाय तवर चालायचं. खरबरीत लागलं की थांबायचं."

हणमंता पाथरवट वैतागला. "जलमभर फरशी साफ कराया शिकलो, आता मुद्दाम खराब करू व्हय?" दिवाणजींनी एक न घडवलेली फरशी जिन्यापुढे टाकून घेतली आणि त्याला डोळे मिटून, अनवाणी, जिन्यापर्यंत चालायला लावलं. हणमंता त्या फरशीवर आपोआप थांबला. त्याने छिन्नी उचलली.

महिनाभर सराव झाला. दिवाणजी माझ्याआधी माडीवर पोचू लागले.

आणि मग मी माती खाल्ली. उद्घाटनाला शहरातली बडी मंडळी येणार, दिवाणजींचा मान म्हणून थाट हवा, अशा उत्साहात मी ओळखीच्या विणकरांकडून जाजमं मागून आणली आणि भल्या सकाळी दरवाजापासून जिन्यापर्यंत अंथरली. वीतभरही फरशी उघडी ठेवली नाही.

दिवाणजी डोक्याला नवा रुमाल बांधून आले. वहाणा काढल्या, उजवं पाऊल फिरवलं आणि थबकले. पुन्हा फिरवलं. जाजमाखाली खरबरीत पट्टा झाकला गेलाय हे तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, पण मागून पाहुणे सरकत होते आणि चारचौघांत त्यांना अडवायचा मला धीर झाला नाही. ते चालू लागले. जिन्याच्या पहिल्या पायरीला ठेचकाळून सगळ्यांदेखत गुडघ्यांवर पडले. दोघांनी धावत जाऊन त्यांचे दंड धरले. त्यानंतर कुणी ते सोडलेच नाहीत.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो. ते म्हणाले, "तुमी मान द्याया गेला. मी तितंच बोलायला पायजे हुतं. चार लोकांत लाज वाटली." मला आजही त्या सकाळची शरम वाटते.

चार-सहा महिन्यांनी मी वळसंगला गेलो. काम सुटल्यामुळे मुलीकडे राहायला आलेले दिवाणजी घोंगडीवर बसले होते. मुलगी प्रेमळ होती, पाण्याचा तांब्याही हातात आणून देत होती. "उठूच देत न्हाईत बगा," ते हळूच म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, की परवा धर्मशाळेत मंगळवेढ्याची एक म्हातारी उतरली होती. तिला फारसं दिसत नव्हतं. माडीवरून एकटीच निघाली, जिन्याच्या तोंडाशी आपणहून थांबली, कठडा चाचपला आणि सावकाश खाली आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"थांबली?"

"थांबली."

ते पुढे सरकून बसले. "पट्ट्यावर दोनी पाय पडले हुते का एकच? एकच पडला असंल तर पट्टा अरुंद झालाय. हणमंताला अजून एक फरशी टाकाया लावा."

तिचे पाय मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी सोलापूरला परतलो तो थेट धर्मशाळेत गेलो आणि जिन्याच्या तोंडाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत राहिलो.