जुन्या तापाची रेघ

दवाखान्यातल्या रक्ततपासणीच्या खोलीत तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. एकतीस वर्षं ती लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधत आली होती. बोलण्यात मात्र महाकंजूष. कुणी विचारलं, "काय निघालं हो?" की उत्तर ठरलेलं, "डॉक्टर सांगतील." नव्या मुलींनाही तिची ताकीद होती, रिपोर्ट हाताने द्यायचा, तोंडाने नाही. आणि ते बरोबरच होतं. अर्धवट कळलेल्या आकड्याने माणूस तापापेक्षा जास्त हैराण होतो.

तिचा धाकटा भाऊ म्हणजे अगदी दुसरं टोक. शिलाई मशिनी दुरुस्त करायचा आणि दिवसभर तोंडाचं मशीन चालू. साथीच्या दिवसांत तो ताप घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. तापाचा तिसरा दिवस. तिने रक्त घेतलं, तपासणीच्या पट्टीवर थेंब टाकला आणि वीस मिनिटं थांबली. डेंग्यू निघाला. त्याचं तिला फारसं नवल वाटलं नाही, त्या आठवड्यात तो दर तिसऱ्या माणसाला निघत होता. पण शेजारी आणखी एक रेघ उमटली होती, चांगली ठळक. जुन्या अँटीबॉडीजची.

"ही कसली?" भाऊ डोकावला.

"तुला हा ताप पूर्वी कधीतरी येऊन गेलाय."

"म्हणजे अंगात फौज तयारच आहे की! मग घाबरायचं कशाला?"

सगळ्यांना असंच वाटतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण हा आजारच उलट्या काळजाचा. त्याच्या जाती चार. एकीशी लढलेली फौज दुसरीला ओळखायला चुकते, कधीकधी तिलाच आत शिरायला मदत करते. तिसऱ्याच दिवशी रेघ एवढी ठळक म्हणजे दुखणं वाकड्यात जाण्याची शक्यता जास्त. खात्री नाही, शक्यता. डॉक्टरांनीही रिपोर्ट बघून दाखल व्हायला सांगितलं.

भावाने ते हसण्यावारी नेलं. "प्लेटलेट उत्तम आहेत. दुकानात बारा मशिनी पडल्यात. एकदा ताप उतरला की झालं."

"अरे, ताप उतरला की खरी भीती!" ताई म्हणाली आणि मग बोलतच सुटली. रक्तवाहिन्यांतून पाणी कसं झिरपतं, ब्लडप्रेशर कसं कोसळतं, सगळं सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुली हातातलं काम टाकून बघत राहिल्या. शेवटी तो "बरं बाई, राहतो," म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. त्याने ताईला मनसोक्त चिडवून घेतलं. दुपारी पोटात कळा सुरू झाल्या, हातपाय गार पडले, ब्लडप्रेशर घसरलं. नर्स हाताशीच होती, म्हणून सलाईन लगेच वाढवता आलं. ताईची पाचावर धारण बसली होती. संध्याकाळी तो सावरला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला आणि ती सगळ्यांदेखत रडली.

दोन दिवसांनी तो उठून बसला, जेवू लागला. ती म्हणाली, "नशीब, त्या दिवशी माझं सांगणं तुला पटलं."

"पटलं? त्या रेघेतलं मला डोंबल कळलं नाही," भाऊ म्हणाला. "पण ती पट्टी धरलेला तुझा हात थरथरत होता, ताई. म्हणून राहिलो."