कच्चं काय न्हाई

खालची पापणी बोटानं ओढून मावशी डोळा माझ्यापुढं धरायची. "बग गं पोरी, लाल हाय का?" मग मी सुई उचलायच्या आतच निकाल द्यायची, "हाय. लय लाल हाय."

लाल कुठली डोंबलाची! फिकट गुलाबीसुद्धा उरलं नव्हतं तिथं.

कामशेतच्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासते. मावशी पवनानगरहून जीपनं यायची. भातलावणीच्या बायकांची टोळी तिच्या हाताखाली, त्यामुळं जिभेला हाड नव्हतं. रांगेतल्या बाप्यांना दटावायची, "सुईला काय भिताय? बायकू न्हाई ती!" आम्ही हसून बेजार. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेलच, जगाला हसवणारी आणि स्वतःचं दुखणं दडवणारी.

लावणीच्या तोंडावर डॉक्टरांनी तिच्या कच्च्या पेशी मोजायला सांगितल्या. तांबड्या पेशी हाडांच्या पोकळीतल्या मगजात तयार होतात आणि जराशा कच्च्या असतानाच रक्तात उतरतात. त्या दिसल्या, म्हणजे आतलं काम चालू आहे. मी तिच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तीनदा पाहिली. एकही नाही.

गर्दी होती. मान वर न करताच मी म्हटलं, "कच्च्या पेशी नाहीत, मावशी. डॉक्टरांना दाखवा."

"कच्चं काय न्हाई?" तिनं हात जोडले. "समदं पक्कं झालं म्हन की!"

तिचा चेहरा इतका फुलला, की मी गप्प बसले. डॉक्टर सांगतीलच, अशी मनाची समजूत घातली. ती डॉक्टरांकडं गेलीच नाही. लावणीला गेली.

महिन्यानं सुनेनं तिला धरून आणलं. ओठ पांढरे, दोन पायऱ्यांत धाप. आता मात्र मी सगळं सांगितलं: जुन्या पेशी चार महिन्यांत मरतात, त्यांच्या जागी नव्या याव्या लागतात, आणि तिच्या मगजात त्या तयारच होत नाहीत.

"म्हंजे पेरलेल्या राबात रोपच न्हाई," ती हळू म्हणाली. "आन मी पीक आलं म्हून गावभर सांगत फिरले."

तिला पुण्याला नेलं, रक्त चढवलं. पण फार उशीर झाला होता. ती गेली.

सून राहिलेले कागद न्यायला आली, तेव्हा मला तिच्या नजरेला नजर देता येईना. तीच म्हणाली, "आत्याबाई शेवटाला सांगत व्हत्या, त्या पोरीला कुनी बोलू नका. मी हरखले, म्हून ती गप बसली."

शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं गं, मावशी.