विहीणबाईंनी सोंगटी मारली तो दिवस

विहीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं आणि त्या आराम करायला आमच्या कसबा बावड्याच्या घरी आल्या. आल्या म्हणजे सूनबाईनं आईला जवळजवळ ओढूनच आणलं. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा, हे त्यांना पटत नव्हतं. हुपरीत सारा जन्म पैंजणांच्या कड्या जोडण्यात गेलेला. हात रिकामे ठेवायची सवय नाही, आणि डॉक्टरांनी बारीक काम बंद केलेलं. दिवसभर खुर्चीच्या कडेवर अवघडून बसायच्या.

आमच्या घरी बॅकगॅमनचा पट होता. मुलानं आणलेला, पण खेळायला वेळ मला मिळाला, कारण मी निवृत्त झालेली. मोबाईलवर शिकून मी बरी खेळू लागले होते. सारीपाटासारखाच खेळ. फासे टाकायचे, आपल्या सगळ्या सोंगट्या फिरवून घरात आणायच्या आणि बाहेर काढायच्या. सोंगटी एकटी राहिली की दुसऱ्यानं मारायची. मेलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून निघते.

विहीणबाई दोन दिवसांत खेळ शिकल्या, पण रोज हरायच्या. माझी एकटी सोंगटी समोर असली तरी वळसा घालून पुढं जायच्या.

"मारायची होती की," मी म्हटलं.

"आवं, लेकीच्या सासूची सोंगटी मारायची व्हय? बरं न्हाय दिसत."

मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

या खेळात डाव दुप्पट करायचा एक वेगळा फासा असतो. आपली बाजू वरचढ वाटली की तो पुढं सरकवायचा. समोरच्यानं एक तर डाव सोडायचा आणि एक गुण द्यायचा, नाहीतर दोन गुणांसाठी खेळत राहायचं. मी फासा सरकवला की विहीणबाई लगेच सोंगट्या गोळा करायच्या. "घ्या, तुमचाच डाव."

शेवटी मी पट बाजूला ठेवला. "चार वेळा डाव सोडला तर चार गुण जातात. तेच चारी डाव खेळलात, तीन हरलात नि एक जिंकलात, तर सहा गेले, दोन आले. किती गेले?"

"चारच."

"मग चारांत एक जिंकण्याजोगा असेल तर सोडायचा कशाला?"

त्यांनी थोडा विचार केला. "व्हय की. मग बसून बघितलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फासा सरकवला आणि त्यांनी तो उचलून स्वतःकडे ठेवला. पुढच्याच खेपेला माझी एक सोंगटी उघडी पडली. विहीणबाईंनी एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं, लेक भाकरी थापत होती. मग टक्कन सोंगटी मारली. माझी सोंगटी परत निघायच्या आत त्यांनी दोन-दोन सोंगट्यांनी लागोपाठची घरं बांधून वाट अडवली. ज्यानं दुप्पट घेतली, फासा त्याच्याकडं राहतो आणि पुढं वाढवायचा हक्कही त्याचाच, म्हणजे आता फासा त्यांच्या ताब्यात होता. तो चौपटीवर फिरवून त्यांनी माझ्यापुढं ठेवला.

"काय करतायसा?"

मला आशा होती. मी घेतला आणि हरले. मागाहून मोबाईलला विचारलं, तर माझं घेणं बरोबर होतं आणि त्यांचं देणंही. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे दोघीबी शाण्या." सूनबाई पिठाचे हात घेऊन दारात उभी राहून ऐकत होती.

त्या रात्री त्यांनी आपणहून भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. पुढचे दिवस फार मजेत गेले. डोळा बरा होऊन त्या निघाल्या, तेव्हा मुलानं त्यांना दुसरा पट घेऊन दिला.

परवा मी एसटीनं हुपरीला गेले होते. ओसरीवर चांदीच्या कड्या जोडणाऱ्या तिघी बायका काम आवरून पटाभोवती बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं पहिल्याच डावात माझ्यापुढं दुप्पटीचा फासा सरकवला. मी डाव सोडला. विहीणबाई शेजारून म्हणाल्या, "घ्यायला पायजे होता." आणि मग त्यांनी ते चारांतल्या एकाचं गणित मला नीट समजावून सांगितलं.